पिल्लं कमी झाली ती कुणामुळे? राकिऊराच्या तीती-हंगामाचं प्रकरण

न्यूझीलंडच्या अगदी दक्षिणेला स्टुअर्ट बेट आहे. माओरी लोक त्याला राकिऊरा म्हणतात. त्याच्या आजूबाजूला छत्तीसेक छोटी बेटं विखुरलेली आहेत. दरवर्षी १ एप्रिल ते ३१ मे या काळात राकिऊरा माओरी कुटुंबं या बेटांवर मुक्कामाला जातात आणि तीती या समुद्रपक्ष्याची पिल्लं धरतात. पक्षीशास्त्राच्या पुस्तकांत हा पक्षी सूटी शिअरवॉटर म्हणून सापडतो, तर न्यूझीलंडच्या बोलीभाषेत त्याला मटनबर्ड म्हणतात. १९९४ ते २००५ या काळासाठी शास्त्रज्ञांनी काढलेला अंदाज असा: वर्षाला सुमारे ३,६०,००० पिल्लं धरली जात होती.

एवढा आकडा ऐकला की पुढचं वाक्य आपोआप तोंडावर येतं, 'मग पक्षी कमी होणारच.' पक्षी कमी झाले, हे खरंच आहे. तरी त्या 'होणारच'साठी पुरावा लागतो. तो गोळा करायला चौदा-पंधरा वर्षं गेली आणि हाती आलेलं उत्तर धरणाऱ्यांना आणि बंदी मागणाऱ्यांना, दोन्ही बाजूंना पुरतं सोयीचं ठरलं नाही.

हक्क कुणाचा

२९ जून १८६४ रोजी ६,००० पौंडांना राकिऊरा ब्रिटिश सरकारला विकलं गेलं. त्या खरेदीखतात तीतीची काही बेटं माओरींसाठी राखून ठेवली होती. बाकीची सरकारी मालकीची होती, ती १९९८ च्या न्गाई ताहू (दक्षिणेकडची माओरी जमात) तडजोड कायद्याने परत मिळाली. आजही बेटांवरचा व्यवहार १९७८ च्या नियमावलीने चालतो. पिल्लं धरायचा हक्क फक्त राकिऊरा माओरींना आणि त्यांच्या घरच्यांना आहे. १५ मार्चपासून बेटावर उतरून झोपड्यांची डागडुजी, सरपण, पायवाटा अशी तयारी करता येते, मात्र १ एप्रिलपूर्वी पिल्लाला हात लावता येत नाही. मोठा पक्षी मारायला बंदी आहे.

एकेका कुटुंबाची धरायची जागा ठरलेली असते, तिला मनू म्हणतात. ती पिढ्यान्‌पिढ्या त्याच घरात राहते. पुढे मोजणीचा प्रश्न येईल तेव्हा हे लक्षात ठेवा, कारण एकाच जमिनीवर तीच माणसं पन्नास-साठ वर्षं पिल्लं धरत असतील तर कुठली उतरण भरलेली असायची आणि कुठली ओस पडली, हे त्यांना ठाऊक असतं. शास्त्रज्ञ तिथे तीन-चार हंगाम काढतो.

पक्षी कसा आहे

गडद तपकिरी रंग, पंखांचा पसारा सुमारे एक मीटर, वजन साधारण ८०० ग्रॅम. सप्टेंबरच्या शेवटी बेटांवर येतो, नोव्हेंबरअखेर एकच अंडं घालतो, जानेवारीच्या उत्तरार्धात पिल्लू फुटतं. अंडं फुटलं किंवा हरवलं तर त्या वर्षी दुसरं नाही. घरटं जमिनीखाली, मऊ पीट मातीत (कुजलेल्या पाल्यापाचोळ्याच्या मातीत) खणलेल्या बिळात असतं. बीळ एखाद्या मीटरपासून तीन मीटरपर्यंत लांब, वळणं घेत मुळांमधून जाणारं. आईवडील दूर दक्षिणेच्या थंड पाण्यापर्यंत चारा आणायला जातात आणि पोटातल्या तेलाच्या रूपात आटवून आणलेलं अन्न पिल्लाला भरवतात. त्यामुळे पिल्लू चरबीने इतकं फुगतं की एका टप्प्यावर आईवडिलांपेक्षाही जड होतं. एप्रिलमध्ये मोठे पक्षी निघून जातात. मागे राहिलेलं पिल्लू चरबी जाळत, पिसं पुरी करत एप्रिलअखेर ते मे महिन्यात एकट्यानेच समुद्रावर उतरतं.

मग प्रवास. २००६ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात न्यूझीलंडच्या पक्ष्यांच्या अंगावर लावलेल्या छोट्या नोंदयंत्रांतून दिसलं की हे पक्षी प्रशांत महासागरात इंग्रजी आठच्या आकड्यासारखा फेरा मारतात. जपान, अलास्का किंवा कॅलिफोर्नियापाशी उत्तरेचा उन्हाळा काढून परत येईपर्यंत सुमारे ६४,००० किलोमीटर पडतात. म्हणजे राकिऊराच्या बिळात जन्मलेल्या पक्ष्याच्या नशिबात काय लिहिलंय, ते बऱ्याच अंशी राकिऊरापासून हजारो किलोमीटरवर ठरतं. जन्माला आलेलं पिल्लू स्वतः अंडं घालण्याजोगं व्हायला पाच ते नऊ वर्षं लागतात. आज बेटावर काही बिघडलं तर त्याचा पत्ता दशकाने लागतो.

धरायच्या दोन रीती

हंगामाचे दोन भाग. पहिला ननाओ, दुसरा रामा.

ननाओ साधारण १ ते २० एप्रिल, आणि तो दिवसाउजेडी चालतो. पिल्लं अजून बिळातच असतात. धरणारा बिळाच्या तोंडाशी आडवा पडतो, खांद्यापर्यंत हात आत घालतो, चाचपतो. पिल्लू हाताच्या टप्प्यात आलं तर बाहेर काढतो. नाही आलं तर बिळाचा रोख अंदाजाने ओळखून थेट घरट्याच्या खोलीवर वरून एक भोक पाडतो. काम झालं की ते भोक मातीने, पाल्याने घट्ट बुजवायचं, त्या बुजवणीला पुरु म्हणतात. इथेच नवखा चुकतो. पुरु नीट बसला नाही तर पावसाचं पाणी खोलीत उतरतं, छत खचतं, आणि पुढच्या सप्टेंबरमध्ये आलेली जोडी ती जागा सोडते. एक पिल्लू घेताना एक बीळ गेलं, असा हा तोटा. दुसरी चूक पायांची. पीट माती भुसभुशीत असते, एका चौरस मीटरमध्येही एकाहून अधिक तोंडं असू शकतात. ठरलेली वाट सोडून कुठूनही चालणारा माणूस बिळं खचवत जातो आणि त्याला ते कळतही नाही.

रामा रात्रीचा. एप्रिलच्या शेवटच्या दहा दिवसांत पिल्लं रात्री बिळाबाहेर येऊन पंख झाडू लागतात, उंचवट्यांवर, झाडांच्या बुंध्यांवर चढतात. पूर्वी मशाली असत, आता कपाळावर बांधायच्या विजेऱ्या. चांदणी, शांत रात्र असली की पिल्लं फार बाहेर पडत नाहीत. अमावास्येच्या आसपासची, वाऱ्यापावसाची काळी रात्र सगळ्यांत चांगली. अशा रात्री धरायला वेळ लागत नाही. वेळ जातो तो पुढे.

धरलेलं पिल्लू लगेच मारतात. पोटातलं तेल आधी दाबून काढावं लागतं. ते मांसाला लागलं तर वास जात नाही. मग पिसं उपटायची. उरलेली लव काढण्यासाठी पक्षी गरम मेणात बुडवून गार करतात, की मेणाच्या सालीबरोबर लव निघून येते. मेण फार गरम असेल तर कातडी भाजते आणि फाटते. कोमट असेल तर साल जाड बसते, मेण वाया जातं. त्यानंतर पक्षी टांगून थंड होऊ देतात, चिरून आतडी काढतात, मीठ चोळून बादलीत दाबून भरतात. मीठ कमी पडलं किंवा पक्षी पुरता थंड होण्याआधी भरला तर हाडाजवळ खराब होतो, आणि ते बादली उघडेपर्यंत समजत नाही. घरी शिजवताना पाणी दोन-तीनदा बदलून खारटपणा आणि चरबी उतरवतात. खाऱ्या सुक्या मासळीची आगोट भरणाऱ्या कोकणातल्या घराला यातलं बरंच ओळखीचं वाटेल.

बादलीच्या आधी पोहा होता. (नावाचा आपल्या न्याहारीशी संबंध नाही.) रिमुरापा नावाच्या जाड समुद्री शेवाळाचं रुंद पातं घ्यायचं. त्याच्या आत मधाच्या पोळ्यासारखी पोकळी असते, त्यामुळे ते आतून अलगद सोडवून पिशवी करता येते. पिशवी फुंकून फुगवायची, वाळवायची, मऊ करायची. मग त्यांच्याच चरबीत शिजवलेले पक्षी भरायचे, वर वितळलेली चरबी ओतायची, तोंड बांधायचं. बाहेरून तोतारा झाडाच्या सालीचे पट्टे आणि खाली हाराकेके पातीची टोपली. चरबीचा थर हवा अडवतो, साल मार सोसते. नीट भरलेला पोहा दोन-तीन वर्षं टिकतो. लग्नाला, मर्तिकाला, पाहुण्यांना तीती द्यायची चाल आजही आहे, त्यामुळे या पक्ष्याचं मोल केवळ किलोच्या भावात बसत नाही.

मोजायचं कसं

१९९४ मध्ये ओटागो विद्यापीठ आणि राकिऊरा माओरी यांनी मिळून एक प्रकल्प सुरू केला. हेन्रिक मोलर त्याचे प्रमुख शास्त्रज्ञ होते. प्रकल्पाचं माओरी नाव 'किया माउ ते तीती मो आके तोनू आतू', म्हणजे तीती कायम राहो. वडीलधाऱ्यांशी लेखी करार झाला आणि निष्कर्ष धरणाऱ्यांपर्यंत पोहोचवायला 'तीती टाइम्स' नावाचं पत्रक निघू लागलं. हा करार औपचारिकता वाटेल, पण त्याशिवाय कुठलंही कुटुंब आपल्या मनूवर परक्याला खुंट्या ठोकू देणार नव्हतं, आणि धरलेल्या पिल्लांचा खरा आकडा तर सांगणारच नव्हतं.

बिळातला पक्षी मोजणं हे समुद्रपक्ष्यांच्या कामातलं कटकटीचं काम. पद्धत अशी: बेटावर ठिकठिकाणी आखीव मापाचे तुकडे घ्यायचे. प्रत्येक तुकड्यातली बिळांची तोंडं मोजायची. मग बरोस्कोप, म्हणजे टोकाला छोटा कॅमेरा आणि अवरक्त दिवे असलेली लवचीक नळी, आत सारून पिल्लू आहे की नाही ते पडद्यावर बघायचं. तोंडांची घनता गुणिले भरलेल्या बिळांचं प्रमाण गुणिले वसाहतीचं क्षेत्रफळ, असा हिशेब.

कागदावर सोपा, मातीत अवघड. बिळाला फाटे फुटतात. दोन तोंडं एकाच खोलीत उघडतात. नळी मुळाशी अडते, किंवा वळणाच्या पलीकडे बसलेलं पिल्लू दिसतच नाही. ही चूक एकाच दिशेने होते, कारण असलेलं पिल्लू निसटणं सहज शक्य असतं आणि नसलेलं पिल्लू दिसणं जवळजवळ अशक्य. म्हणून बरोस्कोपचा आकडा कायम कमीच येतो. दोन बेटांची तुलना करताना हे विसरलं तर मुळांनी भरलेल्या जमिनीचं बेट ओसाड ठरतं. बिनचूक आकडा मिळत नसेल तरी चालेल, पण चूक दरवेळी तेवढीच व्हायला हवी. म्हणून त्याच तुकड्यांवर, त्याच आठवड्यात, शक्य तर त्याच माणसाने नळी घालायची.

या सगळ्यातून न्यूझीलंड भागातली एकूण संख्या सुमारे २.१ कोटी निघाली. धरण्याचा दाबही निघाला: ज्या जागी पिल्लं धरतात तिथल्या पिल्लांपैकी सुमारे १८ टक्के, आणि राकिऊरा भागातल्या सगळ्या पिल्लांपैकी सुमारे १३ टक्के. फरक मोठा आहे. मधली दरी म्हणजे न धरल्या जाणाऱ्या जमिनी: उतरायला अवघड बेटं, कडे, हात न पोहोचणाऱ्या उतरणी. तिथली पिल्लं दरवर्षी सुखरूप उडतात.

स्नेअर्स

आता प्रकरणाचा कणा. राकिऊराच्या दक्षिणेला स्नेअर्स नावाचा छोटा द्वीपसमूह आहे. तिथे कुणी पिल्लं धरत नाही. उंदीर नाहीत, मांजरं नाहीत. १९६९ ते १९७१ दरम्यान तिथे बिळांची मोजणी झाली होती आणि सुमारे २७.५ लाख जोड्यांचा अंदाज निघाला होता. तीच मोजणी १९९६ ते २००० मध्ये पुन्हा केली. बिळांच्या तोंडांची घनता ३७ टक्क्यांनी घटलेली निघाली.

धरणं हेच कारण असतं तर स्नेअर्सला काही व्हायला नको होतं. याच एका तुलनेने वादाची दिशा बदलली.

मात्र ३७ टक्क्यांचा आकडा वापरताना दोन गोष्टी जपाव्या लागतात. एक, सत्तरीच्या मोजणीत बरोस्कोप नव्हता, त्यामुळे तुलना फक्त तोंडांची होऊ शकते, आतल्या पक्ष्यांची नाही. पक्षी सोडून गेला तरी बिळाचं तोंड लगेच मिटत नाही. म्हणजे पक्ष्यांची खरी घट तोंडांच्या घटीपेक्षा जास्तही असू शकते. दुसरं, ही घट वर्षाला पाडली तर जेमतेम १.६ ते १.७ टक्के येते. एका चांगल्या-वाईट हंगामातला फरक याच्या कितीतरी पट असतो. त्यामुळे कुणी म्हणालं की 'यंदा तर भरपूर होती', तर तो खोटं बोलत नसतो. अठ्ठावीस वर्षांत सरकलेली गोष्ट एका मोसमात दिसत नाही, एवढंच.

धरणं किती नडतं: एक साधं गणित

खालचे आकडे मोजलेले नाहीत, समजण्यापुरते गोल घेतले आहेत.

हजार जोड्या, म्हणजे २,००० मोठे पक्षी. दरवर्षी ९५ टक्के जगतात असं धरू. म्हणजे १०० मरतात. संख्या टिकवायला दरवर्षी १०० नवे पक्षी जोडीदार म्हणून यायला हवेत. समजा ६०० पिल्लं उडाली आणि त्यांतलं पाचातलं एक वयात आलं, तर १२० नवे मिळतात. वीसने वाढ.

आता १३ टक्के पिल्लं धरली. ६०० ची ५२२ राहिली, त्यांतून १०४ नवे. अजूनही तग आहे. १८ टक्के धरली तर ४९२, त्यांतून ९८. रेघेच्या किंचित खाली.

मग धरणं पूर्ण बंद करा, पण समुद्रात मोठ्या पक्ष्यांची जगण्याची शक्यता ९५ वरून ९३ टक्क्यांवर आणा. वर्षाला १४० मरतात, नवे येतात १२०. एकही पिल्लू न धरता वसाहत घसरते.

दोन टक्क्यांचा हा फरक पिल्लांच्या संपूर्ण धरणीपेक्षा भारी पडतो. दीर्घायुषी, एका अंड्याच्या पक्ष्याचं सगळं मोठ्यांच्या जगण्यावर टेकलेलं असतं. मोठा पक्षी न मारण्याचा जुना नियम याच गणितावर उभा आहे, गणित मांडण्याच्या कितीतरी आधीपासून. मुख्य भूमीवर ओटागोच्या किनाऱ्याच्या छोट्या वसाहती का संपत गेल्या, तेही इथे कळतं: तिथे स्टोट आणि फेरेट (मुंगसासारखे छोटे शिकारी प्राणी), मांजरं बिळात शिरून मोठ्यांनाच खातात.

याच गणिताची दुसरी बाजू धरणाऱ्यांना फारशी रुचणारी नाही. सगळी पिल्लं सारखी नसतात. जड पिल्लं समुद्रावर उतरल्यावर जास्त जगतात. धरणारा साहजिकच जड, गुबगुबीत पिल्लू निवडतो. रामाच्या सुरुवातीला बाहेर येणारीही तीच असतात. त्यामुळे संख्येने १३ टक्के धरली तरी उद्याच्या जोड्यांतला गेलेला वाटा १३ टक्क्यांहून अधिक असू शकतो. किरकोळ पिल्लू सोडून देणं हा जुना संकेत घासाच्या दृष्टीने बरोबर आहे. वसाहतीच्या दृष्टीने तो उलट्या बाजूने काम करतो.

समुद्रात काय झालं

कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यालगत केलेल्या मोजण्यांत १९८७ ते १९९४ दरम्यान सूटी शिअरवॉटर सुमारे ९० टक्क्यांनी कमी दिसले. हा आकडा बातम्यांत नेहमी सुटा फिरतो. ज्याच्या शंभरातले नव्वदहून अधिक दरवर्षी जगतात असा पक्षी सात वर्षांत दशांशावर येणं निव्वळ मरणाने अवघड आहे. पाणी तापल्याने चारा हलला आणि पक्षी दुसरीकडे गेले, हा त्यातला मोठा भाग असणार. 'दिसले नाहीत' आणि 'मेले' यांची गल्लत करू नये.

मेलेही मात्र पुष्कळ. उत्तर प्रशांतात स्क्विड आणि सामन माशांसाठी मैलोनमैल सोडल्या जाणाऱ्या तरंगत्या जाळ्यांत सूटी आणि त्यांचे जवळचे भाऊबंद असलेले आखूड शेपटीचे शिअरवॉटर लाखोंनी अडकले. पक्षी माशामागे साठ-सत्तर मीटरपर्यंत सूर मारतो, बारीक नायलॉन त्याला दिसत नाही. संयुक्त राष्ट्रांच्या ठरावाने १९९२ च्या अखेरपासून खुल्या समुद्रातली ही मोठी जाळी थांबली. पण त्या जाळ्यांत गेलेले पक्षी मोठे होते, आणि वरचं गणित पाहिलं तर त्याची झळ पुढे पंधरा-वीस वर्षं लागावी, यात नवल नाही.

हवामानाचा धागा धरणाऱ्यांच्या वह्यांतून सापडला. १९९९ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात वर्षानुवर्षांच्या धरणीच्या नोंदी आणि एल निनोचे फेरे शेजारी ठेवले, तेव्हा असं दिसलं की पिल्लं कमी आणि बारीक भरण्याची वर्षं एल निनोच्या आधी येतात. पक्ष्याला समुद्राचा बदल हवामानाच्या निर्देशांकाआधी कळत होता. तो ज्या वहीत उमटला ती कुणा शास्त्रज्ञाने ठेवलेली नव्हती.

उंदीर, आणि कॅलिफोर्नियाचे पैसे

तीतीच्या बेटांपैकी सर्वांत मोठं ताउकिहेपा, नऊशे हेक्टरांहून मोठं. १९६३-६४ च्या सुमारास तिथे जहाजी उंदीर पसरलेले आढळले. बहुधा नांगरलेल्या होडीच्या दोरावरून उतरले असावेत. दोन-तीन वर्षांत बेटावरचे बुश रेन आणि स्नाइप हे पक्षी आणि मोठं आखूड-शेपटी वटवाघूळ संपण्याच्या वाटेला लागले, आणि पुढे ते जगातूनच नाहीसे झाले. न्यूझीलंडच्या दक्षिण बेटाचा सॅडलबॅक पक्षी वाचला तो केवळ १९६४ मध्ये वन्यजीव खात्याच्या लोकांनी ३६ पक्षी पकडून शेजारच्या दोन बेटांवर नेले म्हणून. मोठं तीती पिल्लू उंदराला सहसा आवरत नाही, पण अंडी आणि नुकती फुटलेली पिल्लं जातात. वेका या न उडणाऱ्या पक्ष्याचा त्रास त्याहून जास्त. काही बेटांवर तो धरणाऱ्यांनीच खाण्यासाठी आणून सोडला होता. दोष बाहेरच्या जगावर ढकलताना ही नोंद बाजूला ठेवता येत नाही.

सप्टेंबर १९९८ मध्ये कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्याजवळ 'कमांड' नावाच्या जहाजातून तेल सांडलं. मेलेल्या पक्ष्यांत सूटी शिअरवॉटर होते. भरपाईच्या रकमेतून त्या पक्ष्यांचं नुकसान भरून काढायचं होतं. मग पैसे खर्च कुठे करायचे? कॅलिफोर्नियात ते घरटं करतच नाहीत. म्हणून निधीचा एक भाग राकिऊराकडे वळवला आणि राकिऊरा माओरींनी 'का माते न्गा किओरे' ही उंदीर-मोहीम चालवली. २००६ मध्ये हंगाम संपल्यावर, हिवाळ्यात, हेलिकॉप्टरमधून विषारी आमिष टाकून ताउकिहेपा आणि शेजारची आणखी तीन बेटं उंदीरमुक्त केली. हिवाळा निवडण्याचं कारण साधं: तीती तेव्हा समुद्रावर असतात आणि उंदराला नैसर्गिक खाणं कमी मिळतं, म्हणून आमिष तो खातोच.

आमिष टाकण्यात एकही पट्टा सुटून चालत नाही. एका गाभण मादीपासून सगळं पुन्हा सुरू होतं. त्यामुळे मोहिमेनंतरचं खरं काम मुख्य भूमीवरच्या ब्लफ बंदरावर असतं. बेटावर नेण्याचं प्रत्येक सामान झाकणबंद बादल्यांत भरायचं, पिठाची पोती, गाद्या, लाकडं उलटीपालटी करून बघायची, होडीवर सापळे ठेवायचे आणि रात्रभर किनाऱ्याला दोर बांधून राहायचं नाही. हेलिकॉप्टरने सामान नेणाऱ्यांनी तर अधिकच जपायचं, कारण होडीतल्या उंदराला निदान पाणी आडवं असतं, लटकत्या जाळीतल्या सामानातला उंदीर थेट छपराशी उतरतो.

धरणाऱ्यांच्या हातात काय आहे

समुद्राचं तापमान त्यांच्या हातात नाही. दूरच्या मच्छीमार नौका नाहीत. हातात आहे ती बेटं आणि हंगाम. म्हणून धरणं हे मुख्य कारण नसलं तरी हलवता येणारी कळ तीच, आणि इथेच आमचं मत जगभरच्या दोन लाडक्या भूमिकांपासून वेगळं पडतं. 'परंपरा आहे म्हणजे टिकाऊच' हेही चूक, आणि 'संख्या घटते आहे म्हणून बंदी' हेही. बंदी आली तर बेटांवर कुणी जाणार नाही. मग उंदरावर नजर ठेवणारं, वाटा राखणारं आणि वहीत लिहिणारंही कुणी राहत नाही.

धरणीला मर्यादा कशाने येते, यावर प्रकल्पातल्या लोकांनी केलेलं काम इथे कामाला येतं. ननाओत मर्यादा शोधण्याच्या वेळेची: तासाला किती बिळं चाचपून होतात. रामात मर्यादा सोलण्याची: काळ्या रात्री हवी तेवढी पिल्लं धरता येतात, पण दुसऱ्या दिवशी पिसं, मेण, मीठ हे किती हातांना झेपणार? याचा अर्थ असा की मेणाचं मोठं भांडं, जनित्र किंवा वाढीव मनुष्यबळ येईल तेव्हा कुठलाही नियम न मोडता धरणी वाढेल. हंगामाच्या तारखा तशाच, हक्कदार तेच, मोठा पक्षी कुणी मारला नाही, तरी दाब वाढलेला. कोटा नसलेल्या व्यवस्थेत मानवी थकवा हाच कोटा असतो. म्हणून बेटावर नवं यंत्र उतरवायचं असेल तर त्याची चर्चा आधी व्हायला हवी.

तासाला किती पिल्लं मिळाली, हा धरणाऱ्यांना सहज ठेवता येणारा मापदंड, पण कच्चा वापरला तर फसवतो. अनुभवी माणूस ओस पडलेली उतरण टाळतो आणि थेट भरलेल्या जागी जातो, त्यामुळे बेटावर संख्या घटत असतानाही त्याचा तासाचा आकडा बराच काळ चांगला दिसतो. रामात तर चंद्र आणि वारा हेच आकडा ठरवतात. उपाय म्हणजे ननाओचा आकडा वापरायचा, आणि त्यातही दरवर्षी काही ठरलेल्या तुकड्यांवर, ठरलेल्या क्रमाने हात घालायचा, मिळो न मिळो. नोंदीत तारीख, मनू, किती माणसं, किती तास, पाऊस की कोरडं, किती बिळं तपासली, किती पिल्लं मिळाली, आणि किती बिळं रिकामी निघाली एवढं हवं.

शेवटचा रकाना भरायचा कंटाळा सगळ्यांत आधी येतो. चिखलात तासभर पडून रिकाम्या हाताने उठलेल्या माणसाला रिकामं बीळ लिहून ठेवावंसं वाटत नाही. तरी पुढच्या मोजणीत स्नेअर्सशेजारी ठेवायला तोच रकाना लागणार आहे.